मिस्त्रीचा खांदा

मिस्त्रीच्या वर्कशॉपात मोजपट्ट्या चार. पत्रा कापायला, नळी तोडायला त्याला त्या चालायच्या. पण शर्यतीच्या गाडीत सीटमागं खांद्याचे पट्टे ज्या आडव्या नळीला बांधतात ती बसवायची झाली, की मोजपट्टी बाजूला टाकून तो स्वतः सीटमध्ये जाऊन बसायचा. पाठ टेकायचा, हनुवटी आत घ्यायचा आणि बायकोला हाक मारायचा. ती हातातलं काम तसंच टाकून खडू घेऊन यायची आणि त्याच्या खांद्याच्या रेषेत, सीटभोवतीच्या लोखंडी नळ्यांच्या पिंजऱ्यावर मागच्या बाजूला खूण करायची. मग उतरून तो त्या खुणेखाली तीन बोटं आडवी धरायचा. सीटपासून वीतभर मागे, खुणेपासून तीन बोटं खाली, तिथं नळी. बत्तीस वर्षं हेच चाललं होतं.

अहो, चालवणार दुसराच आणि बसताय तुम्ही कसे, असं कुणी विचारलं तर उत्तर तयार असायचं. चालवणारा मापाला बसला की फोटो काढायला बसल्यासारखा ताठ बसतो, आणि चालवायला बसला की पोत्यासारखा ढेपाळतो. त्याचं माप घेऊन काय चुलीत घालू? म्हणून तो गिऱ्हाइकाला फोनवर फक्त उंची विचारायचा. आपण पाच फूट आठ. समोरचा पाच दहा निघाला तर नळी एक बोट वर, पाच सहा निघाला तर एक बोट खाली. जाड पुठ्ठ्याच्या वहीत नाव, फोन, उंची आणि गाडीचा रंग. बस. बाकी कागदपत्रांशी त्याचं वाकडंच होतं.

या नळीचं वेड त्याला असंच लागलं नव्हतं. तरणा होता तेव्हा तो स्वतः गाडी पळवायचा. तेव्हा खांद्याचे पट्टे सीटमागं थेट जमिनीच्या पत्र्याला बोल्टनं आवळायची पद्धत होती. पट्टा घट्ट बसला म्हणजे माणूस सुरक्षित, एवढीच सगळ्यांची अक्कल. एकदा वळणावर गाडी घसरली आणि रचलेल्या टायरांवर जाऊन आदळली. आदळणं तसं किरकोळ. गाडीचा नुसता दिवा फुटला. पण अंग पुढं फेकलं गेलं आणि पट्ट्यांनी दोन्ही खांदे मागे धरायचे सोडून खाली दाबले. वरून दाबलं तर मधल्या कण्याचं काय होणार? पाठीचा एक मणका चेपला. डॉक्टरनं काचेवर फोटो लावून दाखवला, तेव्हा बाकीच्या मणक्यांत तो असा दिसत होता, जसा ठोकळ्यांच्या रांगेत कुणी एकावर पाय दिलाय.

सहा महिने तो पाठीवर पडून होता. उठला तो गाडीत बसायचं सोडून गाडीखाली गेला. पट्टा खांद्यावरून निघाला की जवळजवळ सरळ मागे गेला पाहिजे, थोडा उतरता, वीस अंशांच्या आत. त्याहून खाली उतरला तर तो पट्टा नाही, मुसळ आहे. हे वाक्य तो येईल त्याला ऐकवायचा. बायको म्हणायची, आपल्या लग्नात मंगलाष्टकं चालू होती तेवढ्या वेळातही तुम्ही भटजीला पट्ट्याचा उतार सांगितला असेल.

काम मात्र देखणं. नळीला पट्टा गुंडाळून तीन दांड्यांच्या कडीतून काढायचा, आणि शेवटच्या दांडीवरून परत माघारी ओवायचा. हा माघारी वेढा विसरला तर पट्टा ऐन वेळी सरकतो. मिस्त्री तो वेढा घालून वर पांढऱ्या दोऱ्याचे चार टाके मारायचा. ताकदीसाठी नाही, घातलाय हे लांबूनही कळावं म्हणून. दोन्ही पट्टे नळीवर शेजारीशेजारी, मानेच्या मागं, एकमेकांपासून बोटभर. बोल्टखाली नुसतं वॉशर नाही, तळहाताएवढी जाड लोखंडी पट्टी. ट्रॅकवरचा म्हातारा तपासनीस मिस्त्रीचे ते पांढरे टाके बघायचा आणि खाली न वाकताच काचेवर पास झाल्याचा स्टिकर डकवायचा. मिस्त्रीचं काम आहे ना, मग काय बघायचंय त्यात.

आता गेल्या चार-पाच वर्षांतल्या काही गोष्टी. त्या त्या वेळी कुणी त्यांच्याकडं ढुंकून पाहिलं नाही.

मिस्त्रीच्या रोजच्या गाडीतला मागचं दाखवणारा आरसा सारखा हलायला लागला. दर दोन-तीन महिन्यांनी त्याला तो वर तोंड करून बसलेला दिसायचा. तो बायकोवर चिडायचा. माझ्या गाडीला हात लावू नकोस म्हणून सांगितलंय ना? ती म्हणायची, मला गाडी चालवता येत नाही, आरसा काय भांग पाडायला लागतो? मग तो आरसा खाली वळवायचा आणि पुढच्या वेळेपर्यंत विसरायचा.

वर्कशॉपात बोल्टच्या डब्यांची एक फळी होती, त्यानं स्वतःच्या हाताच्या उंचीनं ठोकलेली. एक दिवस मागच्या रांगेतला डबा त्याच्या हाताला लागेना. टाचा उचलल्या तेव्हा लागला. महिनाभर टाचा उचलून झाल्यावर त्यानं फळी उखडून खाली ठोकली. बायकोनं विचारलं, फळीला काय झालं? तो म्हणाला, खांदा आखडलाय. त्याला चार वर्षं झाली.

आणि ट्रकवाल्याच्या गाडीतली खूण. हा ट्रकवाला आठवडाभर माल वाहायचा आणि सुट्टीला लाल गाडी पळवायचा. आडदांड गडी. गेल्या साली पट्टे बदलायला आला तेव्हा मिस्त्रीला दिसलं की सीटच्या पाठीला पट्ट्यांसाठी जी भोकं असतात, त्यांच्या खालच्या काठावर पट्टा घासून केसाळ झालाय. पट्टा मागं सरळ जात असेल तर भोकाच्या मधून जातो, काठाला कशाला लागेल? मिस्त्रीनं क्षणभर तिथं बोट ठेवलं. मग सीट बनवणाऱ्याच्या नावानं चार शिव्या हासडल्या, काठाला रबर लावलं आणि गाडी सोडली.

बहिणीची मुलगी पहिल्यांदा शर्यतीत उतरणार म्हणाली, तेव्हा घरात आधी भांडणं झाली. बहिणीनं भावालाच धारेवर धरलं, तुझ्या पाठीचं बघूनही तू तिला हो म्हणालास. मिस्त्री म्हणाला, माझ्या पाठीचं बघितलंय म्हणूनच हो म्हणालो. तिची नळी मी बसवणार. भाची नोकरीला दुसऱ्या गावी, तिनं गाडी आणि सीट पाठवून दिली. उंची विचारायची गरजच नव्हती. ती कॉलेजात असताना मामाभाची पाठीला पाठ लावून उभे राहिलेले, डोकी तंतोतंत एका पातळीत. तिची उंची पाच आठ, मामाची पाच आठ. ना बोट वर, ना बोट खाली. मिस्त्री सीटमध्ये बसला, बायकोनं खूण केली, तीन बोटं धरली, नळी बसली. पांढरे टाके मारताना तो चक्क गुणगुणत होता.

तपासणीच्या दिवशी सकाळी भाची त्याला भेटली आणि गळ्यात पडली. मग मागं सरून म्हणाली, मामा, मी अजून वाढतेय का रे? मिस्त्री म्हणाला, डोक्यात हवा गेली की माणूस उंच वाटतो. दोघं हसले.

ट्रॅकवर तपासणीच्या दोन रांगा होत्या. एकीवर म्हातारा तपासनीस. तिथं ट्रकवाल्याची लाल गाडी आणि मिस्त्रीच्याच हातच्या आणखी तीन गाड्या उभ्या होत्या, म्हणून ती रांग लांब. दुसरीवर यंदाच आलेली एक तपासनीस बाई होती. भाचीनं गाडी तिथं लावली.

बाई कामाची होती. तिनं पट्ट्यांवरची मुदतीची तारीख वाचली, बोल्टचे आकडे बघितले, खाली झोपून जाड पट्ट्यांवर बोट फिरवलं. कडीतला माघारी वेढा बघून तिनं मान हलवली आणि म्हणाली, असं काम मी अजून कुणाचं बघितलं नाही. मिस्त्रीनं भाचीकडं असं बघितलं, जसं बक्षीस त्यालाच मिळालंय. मग बाईनं भाचीला सीटमध्ये बसवलं, पट्टे आवळले, आणि खिशातून उतार मोजायचं काट्याचं एक लहानसं यंत्र काढून सीटमागं पट्ट्याला टेकवलं. बघितलं. काढलं. परत टेकवलं.

"पंचवीस आहे," ती म्हणाली. "वीसच्या पुढं मी सोडत नाही."

मिस्त्रीला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. मग त्यानं हसून घेतलं. यंत्र बिघडलंय म्हणाला. बाईनं न चिडता ते सपाट टेबलावर ठेवून दाखवलं, काटा शून्यावर. भाची मधेच कुजबुजली, मामा, मी थोडी खाली सरकून बसू का? तर बाई म्हणाली, आदळाल तेव्हा सरकून बसायला वेळ मिळेल का? आजूबाजूचे दोघंतिघं वळून बघायला लागले. मिस्त्रीच्या कानशिलाला घाम आला. बत्तीस वर्षांत त्याचं काम कुणी परत पाठवलं नव्हतं.

"उतर गं तू," तो म्हणाला. "मी बसतो. आता लावा यंत्र."

तो बसला, पाठ टेकली, हनुवटी आत घेतली. भाचीनं पट्टे आवळले. बाईनं यंत्र लावलं आणि आकडा वाचला. चौदा.

"बघा," मिस्त्री आजूबाजूच्यांकडं बघत म्हणाला. "चौदा. तेच तर सांगत होतो."

"तुम्ही बसल्यावर चौदा आहे, मिस्त्रीकाका," बाई म्हणाली. "पण चालवणार या."

"आम्ही दोघं एकाच उंचीचे आहोत."

भाची मामाच्या डोक्याकडं बघत होती, आणि सकाळी गळ्यात पडताना आपली हनुवटी कुठं टेकली होती ते तिला आता आठवत होतं.

"मामा," ती म्हणाली, "तू जरा बाहेर ये. उभा राहा."

पाठीला पाठ लावून ते उभे राहिले. भाचीनं आपल्या डोक्यावर तळहात सपाट धरला आणि तसाच मागं नेला. हात मामाच्या डोक्यावरून हवेतच गेला, केसालाही लागला नाही. कुणीतरी मोजपट्टी दिली. मिस्त्री गाड्या ठेवायच्या खोलीच्या चौकटीला टाचा टेकवून उभा राहिला, सगळ्या जन्मात उभा राहिला नसेल एवढा ताठ.

"पाच फूट सहा," भाचीनं वाचलं.

"परत बघ."

"पाच सहा, मामा. दोनदा बघितलं."

चेपलेला मणका इतकी वर्षं गप्प बसला नव्हता. तो हळूहळू बसत गेला होता, आणि म्हातारपणानं त्याच्या शेजाऱ्यांनाही खाली बसवलं होतं. मिस्त्रीला आरसा आठवला. टाचा आठवल्या. इंचभर कमी झाला असता तर तीन बोटांच्या मापात खपून गेलं असतं, हे त्याचं डोकं आपोआप मोजत होतं. दोन इंच खपत नाहीत. आणि मग ट्रकवाल्याच्या सीटच्या भोकाशी घासून केसाळ झालेला तो पट्टा त्याच्या डोळ्यांसमोर आला.

त्यानं मान वळवली. पलीकडच्या रांगेत म्हातारा तपासनीस चौथ्या गाडीच्या काचेवर स्टिकर दाबत होता. कर्ण्यातून सूचना आली, पास झालेल्या गाड्यांनी सरावासाठी फाटकापाशी यावं, पाच मिनिटांत ट्रॅक खुला होईल.

मिस्त्री म्हाताऱ्याकडं गेला आणि त्याला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. म्हाताऱ्यानं ऐकून घेतलं, इकडंतिकडं बघितलं. मग खांद्यावर हात ठेवून, अगदी घरच्या माणसासारखं त्यानं समजावलं. आज बोलू नकोस. स्टिकर माझ्या सहीनं गेलेत, तू बुडशील आणि मलाही घेऊन बुडशील. शर्यत होऊ दे. मग एकेकाला बोलव, काहीतरी निमित्त काढ, नळ्या दोन इंच वर घे. कुणाला कानोकान कळणार नाही. वर्षाला आदळतात किती? एखादा.

"मीपण एखादाच होतो," मिस्त्री म्हणाला.

आणि तो फाटकाकडं निघाला. पळता त्याला येत नव्हतं. तो भरभर चालला, एक हात कमरेवर दाबून, आणि त्याच्या पुढं भाची पळत होती. फाटकावर तीन गाड्या धडधडत उभ्या होत्या. मिस्त्री सगळ्यात पुढच्या गाडीसमोर आडवा उभा राहिला आणि दोन्ही हात तिच्या बॉनेटवर ठेवले. लोखंड गरम होतं. चालवणाऱ्यानं हॉर्न दाबला, मग डोकं बाहेर काढून विचारलं, मिस्त्री, चक्कर आली का?

"बंद कर," मिस्त्री म्हणाला. "माझी नळी खाली बसलीय. तुझी, त्याची, सगळ्यांची. गाडी बंद कर."

तिघं थांबले. चौथी गाडी तिथं नव्हती. लाल गाडी दोन मिनिटांपूर्वीच आत गेली होती.

तपासनीस बाईनं ट्रॅकवाल्यांना फोन लावून गाडी थांबवायचा झेंडा दाखवायला सांगितलं. पण झेंडा दिसायला गाडी झेंड्यापर्यंत यावी लागते. सगळे कठड्याला टेकून उभे राहिले. लाल गाडीचा आवाज लांबच्या वळणावर गेला, बारीक झाला, आणि मग येईनासा झाला. मिस्त्रीनं कठड्याची नळी दोन्ही हातांनी धरली होती. ट्रकवाला त्याच्या डोळ्यांसमोर सीटमध्ये बसलेला होता, आडदांड, मान सीटच्या वर आलेली, आणि पट्टे खांद्यांवरून खाली, खाली. भाची काहीतरी म्हणाली ते त्याला ऐकू गेलं नाही. मग आवाज परत आला. लाल गाडी वळणातून सरळ आली, झेंड्यापाशी हळू झाली आणि फाटकातून आत शिरली.

ट्रकवाला बाहेर आला तोच तोंड सोडून. अख्खं वर्ष मी या दिवसासाठी घातलं, आणि तुला आज मुहूर्त सापडला का? मिस्त्रीनं त्याला मनमुराद बोलू दिलं. मग म्हणाला, झालं असेल तर परत बस, बाईंना माप घेऊ दे. काटा सत्तावीसवर गेला. ट्रकवाल्यानं आकडा बघितला, मग मिस्त्रीच्या वाकलेल्या पाठीकडं बघितलं, आणि पट्टे सोडून खाली उतरला. बाकीच्या तीन गाड्या चोवीस, पंचवीस, पंचवीस. पिंजऱ्याला ट्रॅकवर वेल्डिंग करायची परवानगी नसते, म्हणजे पाचही गाड्या बाद. म्हाताऱ्या तपासनीसानं पात्यानं स्टिकर खरवडून काढले. तो मिस्त्रीशी बोलला नाही.

मिस्त्रीनं बायकोला फोन लावला. कसं सांगावं ते जुळवत होता, पण निम्म्यातच तिनं त्याला तोडलं.

"म्हणजे फळी खाली आणली तेव्हापासूनच्या सगळ्या?" ती म्हणाली.

तिनं सगळं बघितलं होतं. फळी, टाचा, आरसा, गुडघ्याकडं निघालेले सदरे. कशासाठी जमवायचं ते तिला ठाऊक नव्हतं, एवढंच. वही काढ, तो म्हणाला. वही तिच्या हातातच होती.

"तेवीस आहेत," ती म्हणाली. "पाच तुमच्यापाशी. अठरा राहिले. निम्मे मी घेते, निम्मे तुम्ही लिहून घ्या. आणि लाजत बसू नका, नळी खाली आहे एवढंच सांगा आणि ठेवा."

भाची लिहून घेत होती, मिस्त्री फोन लावत होता. एकानं आभार मानले. दोघांनी शिव्या घातल्या. एकानं गाडी विकली होती, पण घेणाऱ्याचा नंबर दिला. एकजण हसला आणि म्हणाला, मिस्त्री, तुम्ही बुटके झालात आणि भोगायचं आम्ही? मिस्त्री सगळ्यांना एकच वाक्य सांगत गेला, उभ्याउभ्या, कारण बसलं की पाठ जास्त दुखायची. तिकडं बायकोचंही चालू होतं. मधेच ती फोन करून सांगायची, हा झाला, तो झाला.

दुपारी तीनच्या सुमाराला शेवटचा एक राहिला. हिरवी गाडी, पाच फूट अकरा. वहीतला सगळ्यात उंच माणूस. मिस्त्रीनं नळी दीड बोट वर घेतली होती, त्याला आठवत होतं. दीड बोट, पण मोजलं होतं ते दोन इंच खालून. त्याच्या घरी भावानं फोन उचलला आणि म्हणाला, दादा शर्यतीला गेलाय. कुठल्या ट्रॅकवर, ते सांगितलं. कधी सुटते शर्यत? अडीचला.

तपासनीस बाई त्या ट्रॅकच्या कार्यालयाला फोन लावत होती. लागत नव्हता, दर वेळी कुणीतरी आधीच बोलत असल्याचा आवाज. मिस्त्री हिरव्या गाडीवाल्याच्या मोबाइलला लावत राहिला. घंटा जायची, जायची आणि तुटायची. तो परत लावायचा.

बायकोचा फोन मधे आला. "उचलला का त्यानं?"

"नाही."

"गाडीत असेल," ती म्हणाली. "म्हणून उचलत नसेल."

"हो," मिस्त्री म्हणाला. "गाडीतच असेल."

त्यानं तिचा फोन ठेवला आणि परत तो नंबर लावला.